डच आडनावांचा मोफत कोश: बेळगावच्या एका पत्रिका छापणाऱ्याचा अनुभव

डच आडनावाचा अर्थ काय, ते मूळचं कुठलं, आज त्या आडनावाची माणसं कुठं कुठं राहतात, यातलं काहीही शोधायचं असेल तर कुणाला एक रुपयाही देऊ नका. नेदरलँड्समध्ये ‘नेदरलँड्से फामिलीनामेनबांक’ नावाचा आडनावांचा कोश आहे आणि तो इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे. नाव नोंदवायला नको, पासवर्ड नको. घराण्यांच्या इतिहासाचं काम करणारी हेगची सीबीजी ही संस्था १९४५ साली स्थापन झाली. तिनं आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेनं मिळून तो उभा केला. तीन लाखांवर आडनावं त्यात आहेत. मी तो कामापुरता उघडला आणि नंतर काम संपलं तरी बघत राहिलो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझा धंदा लग्नपत्रिकांचा. वडिलांच्या काळात खिळे जुळवून छपाई व्हायची, आता कोरल ड्रॉ आणि ऑफसेट. बेळगावात एकाच लग्नाची पत्रिका पुष्कळदा तीन भाषांत निघते. गावच्या पावण्यांसाठी मराठी, शेजारीपाजारी आणि ऑफिसातल्या लोकांसाठी कानडी, पुण्या-बेंगळुरूच्या मित्रमंडळींसाठी इंग्रजी. बाकी काही इकडंतिकडं झालं तर माणसं सांभाळून घेतात, पण मुहूर्ताची वेळ आणि आडनाव या दोन गोष्टींत चूक चालत नाही. आधार कार्डावरचं इंग्रजी बघून मराठी जुळवायला गेलं की ळ आणि ण हमखास हरवतात. किणयेचा किणेकर ‘किनेकर’ होऊन बसतो, कंग्राळीच्या कंग्राळकरांचा ळ गळून पडतो. म्हणून मी प्रूफ काढायच्या आधी गिऱ्हाइकाला मूळ गाव विचारतो. गाव कळलं की आडनाव कसं लिहायचं ते आपोआप कळतं.

कडोलीच्या एका घरातला मुलगा नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला नोकरीला आहे. त्याचं लग्न तिथल्याच मुलीशी ठरलं. अक्षता कडोलीत पडणार, पत्रिका माझ्याकडं. मुलीचं आडनाव रोमन लिपीत तेरा अक्षरांचं, मध्ये कुठं श्वास घ्यावा ते कळेना. मुलाचे वडील म्हणाले, “मालक, सुनंचं आडनाव तेवढं बरोबर छापा बघा. तिकडची माणसं येणार हाईत, त्यांच्यासमोर खाली बघायची पाळी नको.” मुलीनं व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्या आवाजात आडनाव म्हणून पाठवलं. मी ते कानाला लावून परत परत ऐकलं. व्रूख, इन, द, वेय. डच लोकांचा ‘ग’ घशातून येतो, आपल्या ‘ख’च्या जवळचा. ओ आणि ई ही अक्षरं शेजारी आली की त्यांचा ‘ऊ’ होतो आणि आय-जे मिळून ‘एय’सारखा आवाज निघतो. पत्रिकेत ‘व्रूखिंदवेय’ असं जुळवलं. कानडीतही ख आहे, त्यामुळं तिथं काही अडलं नाही.

आवाज तर मिळाला, पण आडनावाचं गाव मला ठाऊक नव्हतं, आणि गाव कळल्याशिवाय माझं समाधान होत नाही. ते शोधताना हा कोश सापडला.

‘व्रूखिंदवेय’चं पान उघडलं की पहिली गोष्ट कळते ती ही, की हे मुळात टोपणनाव आहे. व्रूख म्हणजे लवकर, वेय म्हणजे कुरण. भल्या पहाटे कुरणात हजर असणारा माणूस. कुणीतरी गुराखी किंवा शेतकरी असा असणार की गाव जागं व्हायच्या आत तो गुरांमागं असायचा, आणि लोकांनी त्याला तेच नाव पाडलं. दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. कोशात प्रत्येक आडनावाला दोन सालांचे आकडे जोडलेत. एक १९४७ च्या जनगणनेतले, दुसरे २००७ च्या नगरपालिकांच्या दप्तरातले. नगरपालिकांच्या हद्दी आखलेला देशाचा नकाशा असतो आणि जिथं त्या आडनावाची माणसं जास्त, तिथं रंग गडद. व्रूखिंदवेयांचा गडद रंग गुरे-ओव्हरफ्लाके नावाच्या बेटावर दिसतो. हे बेट रॉटरडॅमच्या नैर्ऋत्येला, समुद्र आणि नदीमुखांच्या मध्ये आहे.

इथं मी बराच वेळ थांबलो. कारण १९४७ हे साल या बेटासाठी फार महत्त्वाचं आहे. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री आणि १ फेब्रुवारीला उत्तर समुद्राचं पाणी बांध फोडून आत शिरलं आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. गुरे-ओव्हरफ्लाकेवरच्या औदे-टोंगे या एका गावातच तीनशेच्या वर माणसं दगावली. पुढं १९६४ मध्ये हारिंगव्हलीटचा पूल झाला आणि बेट मोटारीच्या रस्त्यानं मुख्य भूमीला जोडलं गेलं. मग रॉटरडॅमची बंदरं, कारखाने, नोकऱ्या. म्हणजे १९४७ चा नकाशा महापूर आणि पूल या दोन्हींच्या आधीचा आहे. एक आडनाव आपल्या गावठाणात कसं वसलं होतं, ते त्यात जसंच्या तसं राहिलंय. आमच्याकडं हिडकलच्या धरणात गावं गेली. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं आणि लोक बघायला जातात. त्या गावांतली कुठली आडनावं आधी कुठल्या गल्लीत होती आणि नंतर कुठं पांगली, याचा असा एखादा नकाशा आपल्याकडं असता तर मी तो दुकानात लावला असता.

पत्रिकेचं प्रूफ बघायला मुलाचे वडील आले तेव्हा त्यांना स्क्रीनवर तो नकाशा दाखवला आणि आडनावाचा अर्थ सांगितला. त्यांचं घर दुधाचं. पहाटे म्हशींच्या धारा काढून डेअरीला दूध घालायचं, हे तीन पिढ्यांचं काम. त्यांनी चष्मा पुसला, नकाशावरचं ते बेट बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाले, “म्हंजे आमच्यातलीच की ही माणसं.” मग घरी फोन लावून बायकोला सांगितलं, “अगं, सुनंच्या आडनावाचा अर्थ कळला. आपल्यासारखंच हाय, पहाटेचं.” त्या घरात मुलगी परकी म्हणून जी थोडी धाकधूक होती, ती त्या फोनवर थोडी कमी झाली असं मला वाटलं.

पान कसं असतं ते सांगतो, म्हणजे वापरणाऱ्याला सोपं जाईल. वर आडनाव आणि दोन सालांची संख्या. खाली आडनावाचा प्रकार: गावावरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून की टोपणनावावरून. मग अर्थ आणि मूळ, जिथं माहीत असेल तिथं. मग त्याच आडनावाची वेगळ्या पद्धतीनं लिहिलेली रूपं. नकाशा दोन तऱ्हांनी बघता येतो, नुसत्या संख्येनं किंवा लोकवस्तीच्या प्रमाणात. दुसरी तऱ्हा जास्त कामाची. नुसत्या संख्येनं बघितलं की मोठी शहरं गडद दिसतात, कारण शहरात सगळीच आडनावं असतात. प्रमाणात बघितलं की मूळ मुलूख वर येतो. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ज्या आडनावाची पाचपेक्षा कमी माणसं उरलीत, तिथं नेमका आकडा देत नाहीत, ‘पाचपेक्षा कमी’ एवढंच लिहितात. दुर्मीळ आडनावाचं माणूस आकड्यावरून कुणी हुडकून काढू नये म्हणून ही काळजी. आपल्याकडं याद्या करणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे.

सगळं डच भाषेत आहे. ब्राउझरच्या भाषांतरावर मी काम चालवलं. त्यात एक घोळ होतो तो सांगून ठेवतो. भाषांतर करणारं यंत्र आडनावाचंही भाषांतर करून टाकतं आणि बेकर, स्मिथ अशी इंग्रजी माणसं पानावर दिसू लागतात. म्हणून आधी मूळ पान बघा, आडनाव कागदावर उतरवून घ्या आणि मगच भाषांतर चालू करा.

आता कोशाच्या खऱ्या ताकदीकडं येतो. डच आडनावांबद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते. नेपोलियननं आडनाव घेणं सक्तीचं केलं, लोकांना वाटलं फ्रेंच आज ना उद्या जातीलच, म्हणून त्यांनी गंमत म्हणून काहीबाही आडनावं लिहून दिली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चिकटली. ऐकायला गोड आहे. पण बहुतेक आडनावांना ती लागू पडत नाही. १८१० मध्ये नेपोलियननं हा देश फ्रान्सला जोडला. १८ ऑगस्ट १८११ च्या फर्मानानं ज्यांना कायमचं आडनाव नव्हतं त्यांनी नगरपालिकेत जाऊन ते नोंदवावं असा हुकूम झाला. पण देशातल्या बऱ्याच भागांत, बऱ्याच घरांत आडनावं त्याच्या कितीतरी आधीपासून होती. उत्तरेकडं, फ्रिसलँडसारख्या प्रांतांत, बापाच्या नावावर भागवण्याची पद्धत जास्त होती आणि तिथं नव्यानं नावं घेण्याच्या वह्या भरल्या. १८२५ मध्ये राहिलेल्यांसाठी राजानं पुन्हा हुकूम काढला. आज जी आडनावं विचित्र वाटतात त्यांतली बहुतेक या हुकमांच्या आधीची आहेत, आणि त्यांच्यामागं थट्टा नव्हे तर जुनी बोली, जुनं गाव किंवा जुना धंदा आहे.

याचा सगळ्यात बोलका दाखला म्हणजे ‘नाक्तखेबोरेन’ हे आडनाव. आजच्या डचमध्ये वाचलं तर अर्थ होतो ‘नागडा जन्मलेला’, आणि लोक हसतात. पण हे आडनाव जर्मन भाषेतल्या ‘नाखगेबोरेन’ या शब्दावरून आलंय, ‘नंतर जन्मलेला’. बाप वारल्यावर जन्माला आलेलं मूल. सीमा ओलांडून शब्द डच कानांवर पडला, त्यांनी तो आपल्या ओळखीच्या शब्दात बसवला आणि एका पोरक्या मुलाची ओळख हसण्यावारी गेली. असं आडनाव लावणाऱ्या माणसाला शाळेत काय काय ऐकावं लागलं असेल याची मी कल्पना करू शकतो. या कोशामुळं त्याला निदान आपल्या आडनावाची खरी गोष्ट दाखवता येते. कोश चांगला का, याचं मला तरी एवढंच उत्तर पुरेसं आहे.

आमच्या सीमाभागात हा प्रकार रोजचा. कानडीतला शब्द मराठी तोंडात, मराठीतला कानडी तोंडात गेला की त्याचं रूप बदलतं आणि पुढच्या पिढीला मूळ सापडत नाही. कंबार हे आडनाव घ्या. ज्ञानपीठ मिळालेले चंद्रशेखर कंबार आमच्या हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे. कंबार म्हणजे लोहार. मराठी घरात लोहार, कानडी घरात कंबार, डच घरात स्मिट. तिन्ही घरांत भाता एकच. डचांत बाकर म्हणजे पाव भाजणारा, व्हिसर म्हणजे मासे धरणारा. आमच्या बाजूला बेळगाव-धारवाडकडं बेल्लद म्हणजे गुळाचे, अक्की म्हणजे तांदळाचे, मेणसिनकाई म्हणजे मिरचीचे, उळ्ळागड्डी म्हणजे कांद्याचे, अंगडी म्हणजे दुकानवाले. पुण्याकडची माणसं ही आडनावं वाचून हसतात. हसू नये. प्रत्येकामागं एखादी पेठ आहे, एखादी वखार आहे.

गावावरून पडलेल्या आडनावांचं पण असंच. आपलं ‘कर’ तसं त्यांचं ‘व्हॅन’, फक्त आपलं मागं लागतं आणि त्यांचं पुढं. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये १७ ऑक्टोबरला धरमशालेत नेदरलँड्सनं दक्षिण आफ्रिकेला ३८ धावांनी हरवलं, ती मॅच आमच्या गल्लीत सगळ्यांनी बघितली. त्या संघातला व्हॅन बेक म्हणजे ओढ्याकाठचा. व्हॅन डेर मेरवे म्हणजे मेरवे नदीकाठचा. हा रुलोफ व्हॅन डेर मेरवे दक्षिण आफ्रिकेत जन्मला, नदी मात्र नेदरलँड्समधली. घराणं समुद्रापार गेलं तरी नदी नावात राहिली. टेन आणि टेर हेही तसेच, ‘अमक्या ठिकाणचा’ सांगणारे. फ्रिसलँडकडं शेवटी ‘स्ट्रा’ लागतो. डाइकस्ट्रा म्हणजे बांधाजवळ राहणारा. एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९५९ मध्ये सगळ्यात जवळचा रस्ता काढायची जी रीत छापली, ती आमच्या बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं परीक्षेत लिहितात. व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय इथंच आहे. ज्या माणसाचं नाव घोकून पोरं पास होतात, त्याचं आडनाव समुद्र अडवणाऱ्या बांधावरचं आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

पूर्वेकडच्या ट्वेंटे आणि आख्टरहुक भागात शेवटी ‘इंक’ येतो. फुटबॉल बघणाऱ्यांना हिडिंक हे नाव माहीत असेल. गूस हिडिंक १९४६ साली त्याच भागातल्या वार्सेव्हेल्टला जन्मले. तिथली जुनी पद्धत अशी, की आडनाव माणसाचं नव्हे, शेतवाडीचं. जो त्या वाडीवर राहायला येईल त्याला वाडीचं नाव लागायचं. घरजावई आला तरी तो वाडीच्या नावानंच ओळखला जायचा. हे वाचल्यावर मी कोशात ‘इंक’वाली बरीच आडनावं काढून बघितली. नकाशात रंग जर्मनीच्या हद्दीला चिकटून राहतो.

हद्दीवरून आठवलं. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकाराचं आडनाव सगळ्या जगाला माहीत आहे. हे आडनाव ‘गोख’ या गावावरून आलंय, आणि ते गाव आज जर्मनीत आहे, डच हद्दीपासून जवळच. गॉग घराण्याला कुणी डच नाही म्हणत नाही. गावाला कुणी डचांचं म्हणत नाही. दोन्ही आपापल्या जागी सुखानं आहेत.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कालकुंद्रीकर आले. बेळगावात या आडनावाची घरं आहेत. कालकुंद्री गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे आज महाराष्ट्रात. माणूस कर्नाटकात, आडनावातलं गाव महाराष्ट्रात. उलटंही आहेच. निपाणीकर, बेळगावकर कोल्हापुरात आणि पुण्यात भेटतात, त्यांचं गाव कर्नाटकात. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हद्द आखली तेव्हा आडनावांना कुणी विचारलं नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या आडनावातलं गुंजी गाव खानापूर तालुक्यात आहे, रेल्वेचं स्टेशनही आहे, आणि ते स्वतः जन्मले त्याच तालुक्यातल्या जांबोटीत, १८४३ साली. मराठी कादंबरीच्या इतिहासात त्यांचं नाव पहिल्या काही पानांत येतं. ते आडनाव बघून मला आजही वाटतं की हा मुलूख आमच्या भाषेत किती आतवर रुजलाय. आणि ‘कर’ ही काही फक्त मराठीची मालकी नाही. हेब्बाळकर आडनावाची कानडी घरं आमच्याकडं आहेत. उलट हुक्केरी, कित्तूर अशी आडनावं नुसत्या गावाच्या नावानं लावली जातात. आडनावाच्या शेपटावरून माणसाची भाषा ठरवणाऱ्यांनी माझ्या दुकानात दिवसभर बसून पत्रिका वाचाव्यात.

डचांतलं सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव ‘दे योंग’, म्हणजे धाकटा. बापलेकाचं नाव एकच असलं की लेकाला धाकटा म्हणायचे. २००७ च्या आकड्यांत ही माणसं चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास आहेत. मग यान्सेन, म्हणजे यानचा मुलगा, आणि तिसरे ‘दे व्हरीस’, म्हणजे फ्रिसलँडकडचा. अशी नावं सहसा बाहेरगावी पडतात. आपल्याकडं कानडे हे आडनाव मराठी मुलखातच भेटतं, कानडी मुलखात कुणाला कानडे म्हणून काय वेगळं सांगणार?

कोशात नुसती गोऱ्यांची नावं नाहीत. १८७३ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर सुरिनामला, म्हणजे डचांच्या वसाहतीत नेले. लल्ला रूख नावाचं पहिलं जहाज त्या वर्षीच्या जूनमध्ये पोचलं. मजुराचं एकेरी नाव कारकुनानं जसं लिहिलं, ते पुढं त्याच्या मुलाबाळांचं आडनाव झालं. त्यांचे वंशज आज हेगमध्ये मोठ्या संख्येनं राहतात. ‘सुख’मधला उकार तिथं ओ-ई अशा दोन अक्षरांनी लिहिलेला दिसतो, तेव्हा आपल्याच घरातलं माणूस परक्या पोशाखात भेटल्यासारखं होतं.

पैसे घेऊन आडनावाचा ‘राजचिन्हासह इतिहास’ पाठवणाऱ्या वेबसाइटी आहेत. नवऱ्या मुलाच्या एका मित्रानं हौसेनं अशा एका ठिकाणी पैसे भरले होते आणि आलेलं चर्मपत्रासारखं कागद मला फ्रेम करायला आणून दिलं. त्यात ढाल, सिंह, सोनेरी रिबन, आणि खाली कुठल्याही आडनावाला चालतील अशा चार ओळी. ज्या माणसाचा पूर्वज पहाटे गुरं चारायला जात होता, त्याला सिंहाची ढाल कशाला? त्याचं कुरण दाखवा, ते जास्त मोलाचं आहे. पत्रिकेवर असलं चिन्ह छापायला मी सरळ नकार दिला, आणि मुलीच्या घरच्यांनीही तसलं काही मागितलं नव्हतं.

आमच्याकडं आडनावाची नव्हे तर घराण्याची वही ठेवणारे हेळवी आहेत. सुगी झाली की येतात, ओट्यावर बसतात, बासनातून वही काढतात आणि खापरपणजोबापर्यंतची नावं एका दमात वाचतात. कोण कुठून आला, कुठल्या गावात पहिलं घर बांधलं, कुणाला मूल नव्हतं म्हणून कोण दत्तक आला, हे सगळं त्यात असतं. धान्य आणि दक्षिणा घेऊन पुढच्या घरी जातात. डच कोश हे करू शकत नाही. त्यात घराण्याची गोष्ट नाही, आडनावाची आहे. घराणं शोधायचं तर त्याच सीबीजीची ‘वी-वास-वी’ ही दुसरी सेवा आहे, ज्यात जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी शोधता येतात. तिथंही शिस्त आहे: जन्माची नोंद शंभर वर्षांनी, लग्नाची पंचाहत्तर वर्षांनी आणि मृत्यूची पन्नास वर्षांनी खुली होते. कडोलीच्या सुनेनं त्यातूनच आपल्या पणजोबांची लग्नाची नोंद काढून सासऱ्यांना दाखवली. दोघांनी मिळून मग हेळव्याच्या वहीतली आपली नावंही एका कागदावर लिहून काढली. तो कागद मी टाइप करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

कोश कुणाच्या कामाचा? ज्यांच्या घरात डच सून, जावई किंवा नातवंडं आहेत त्यांच्या. भाषांतर करणाऱ्यांच्या आणि पेपरवाल्यांच्या, ज्यांना डच नावं देवनागरीत लिहावी लागतात. जुन्या वेंगुर्ल्याच्या डच वखारीवर, विजापूरच्या आदिलशाही दरबारात आलेल्या डच वकिलांवर अभ्यास करणाऱ्यांच्याही. १६३७ मध्ये विजापूरला आलेला योहान व्हॅन ट्विस्ट असो की सुरतेकडं वखारी उभारणारा पीटर व्हॅन डेन ब्रुके असो, आडनावावरून माणसाचा मुलूख कळायला मदत होते. ब्रुक म्हणजे पाणथळ जमीन. आजच्या डचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ पँट, त्यामुळं नुसता शब्दकोश बघणारा इथं फसतो, आडनावकोश बघणारा फसत नाही.

प्रत्येक आडनावाचा अर्थ मात्र मिळत नाही. कित्येक पानांवर आकडे आणि नकाशाच असतो, अर्थाची जागा मोकळी. मला ते पटलं. जिथं अर्थ सापडलेला नाही तिथं त्यांनी मनाचं काही भरलेलं नाही.

माझी एक मागणी आहे आणि ती मी मनापासून करतोय. राणी चन्नम्मा विद्यापीठ बेळगावात आहे. मराठी, कानडी दोन्हींचा अभ्यास तिथं चालतो. दोन्हीकडच्या मुलांनी एकत्र बसून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, चंदगड, गडहिंग्लज एवढ्या टापूतल्या आडनावांचा असा कोश करावा. हद्दीच्या दोन्ही बाजू एकाच नकाशावर घ्याव्यात. मतदार याद्या गावनिहाय असतातच, आकडे तिथून निघतील. अर्थ गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आणि हेळव्यांकडून निघेल, आणि तो आता विचारला नाही तर पुन्हा विचारायला माणसं राहणार नाहीत. पाचपेक्षा कमी माणसं असलेल्या आडनावांचा आकडा मात्र झाकावा. माझ्याकडं वडिलांच्या काळापासूनच्या पत्रिकांचे नमुने गठ्ठे करून ठेवलेत, गावांच्या नावांसकट. ज्याला काम करायचंय त्याला मी दुकानाचा माळा उघडून देईन.

वापरायला बसाल तेव्हा ‘व्हॅन’, ‘दे’, ‘टेन’ हे पुढचे तुकडे सोडून मूळ आडनावच टाका. नेदरलँड्समध्ये यादी लावतानाही ते तुकडे धरत नाहीत, व्हॅन डेन बर्ग ‘ब’मध्ये सापडतो. शेजारच्या बेल्जियममध्ये मात्र तोच ‘व्ह’मध्ये जातो. शेवटी आय-जे असेल तर एकदा वाय टाकूनही बघा. कारकुनानं १८११ नंतर दप्तरात जे अक्षर लिहिलं तेच पुढं कायम झालं, त्यामुळं सख्ख्या भावांच्या दोन शाखा आज दोन वेगळ्या पानांवर असू शकतात.